वीस मिलिलिटरांचा हिशोब

जालना जिल्ह्यास अरण्यांचा प्रांत असे कोणी म्हणणार नाही. 1 मे 1981 रोजी औरंगाबाद आणि परभणी या दोन जिल्ह्यांतील मुलूख काढून तो स्वतंत्र करण्यात आला, तेव्हा त्याच्या वाट्यास आली ती कापूस-ज्वारीची काळी जमीन, उन्हाळ्यात वाळूखेरीज काही न दाखविणाऱ्या दुधना-कुंडलिकेसारख्या नद्या आणि दक्षिण सीमेवरील गोदावरीचे खोरे. साग-ऐनाची दाट राने त्या वाटणीत नव्हती. असे असूनही झाडे कापणारी पेट्रोलची चेनसॉ, जिला शिवारात नुसते ‘कटर’ म्हणतात, ती या जिल्ह्यात सकाळपासून दिवस मावळेपावेतो राबताना दिसते, आणि त्याचे मुख्य कारण शोधू जाता ते मोसंबीच्या बागेत सापडते.

अंबड, घनसावंगी, बदनापूर आणि जालना या तालुक्यांत मोसंबी मोठ्या क्षेत्रावर आहे. जालन्याच्या मोसंबीस भौगोलिक मानांकन लाभले आहे, आणि बदनापुरास या एका फळाकरिता संशोधन केंद्रही आहे. बाग उमेदीत असते तोवर दरसाल वाळक्या फांद्यांची सल काढावी लागते. ती थकली म्हणजे खोडासकट काढावी लागते. आणि कधी कधी, जसे 2012-13 च्या अवर्षणात झाले, भर उमेदीतली बागही पाण्यावाचून उभी वाळून जाते. टँकरचे पाणी विकत घेऊन झाडे जगविण्याची पराकाष्ठा करणारा आणि अखेर तीच झाडे कटरवाल्याच्या स्वाधीन करणारा बागाईतदार त्या साली जिल्ह्याने गावोगाव पाहिला. याखेरीज बांधावरच्या बाभळी, वळवाच्या वाऱ्याने आडवे झालेले कडुनिंब आणि नदीनाल्यांची पात्रे अडवून बसलेली वेडी बाभूळ ही कामे आहेतच. (चिंच, आंबा, मोह यांसारखी अनुसूचित झाडे स्वतःच्या मालकीच्या शेतातली असली तरी 1964 च्या वृक्षतोडविषयक कायद्यान्वये परवानगीवाचून तोडता येत नाहीत, अनुभवी कटरवाले हे जाणतात आणि कित्येकदा मालकासच ते समजावून सांगतात.) वाळलेली मोसंबी काय किंवा जुनी बाभूळ काय, लाकूड कठीण, हंगाम ऐन उन्हाळ्याचा, पारा 40 अंशांच्या वर, आणि काम बहुधा उक्ते घेतलेले, त्यामुळे यंत्रास विसावा देणे कोणासच परवडत नाही. अशा यंत्रास कोणते टू-टी ऑइल, म्हणजे पेट्रोलात मिसळावयाचे तेल, घालावे, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटला तरी त्याच्या उत्तरावर ब्लॉक-पिस्टनचे आयुष्य अवलंबून असते.

हे तेल यंत्रात जाते कोठे, ते आधी पाहिले पाहिजे. ट्रॅक्टरच्या इंजिनाखाली तेलाची टाकी असते, पंप त्यातून तेल उचलून सर्वत्र फिरवितो, आणि एकदा भरलेले तेल शेकडो तास चाकरी बजावते. चेनसॉच्या इंजिनात हा बंदोबस्तच नाही. स्कॉटिश अभियंता ड्युगल्ड क्लार्क याने 1880 च्या सुमारास दोनच धावांत आपले आवर्तन पुरे करणारे, म्हणजे टू-स्ट्रोक, इंजिन सिद्ध केले, आणि पुढे 1891 च्या सुमारास इंग्लंडातील जोसेफ डे याने त्यास असे रूप दिले की, पिस्टनच्या खालचे बंदिस्त क्रँककेस हाच ताजे मिश्रण ओढून घेणारा आणि वर ढकलणारा पंप बनला. झडपा नाहीत, तेलाची टाकी नाही, म्हणूनच हे इंजिन आडवे धरा, उलटे धरा, त्याचे काही बिघडत नाही; आणि झाडाच्या बुंध्याशी वाकून आडवा कट घेणाऱ्यास याहून अधिक उपकारक गुण कोणता असणार? जर्मनीतील आंद्रेयास श्टील याने 1929 साली पेट्रोलवर चालणारे वृक्षतोडीचे यंत्र बाजारात आणले, तेव्हापासून आजतागायत या यंत्रांचा मोठा भाग टू-स्ट्रोकच राहिला आहे.

परंतु या सोयीची किंमत तेलास मोजावी लागते. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल कार्ब्युरेटरमधून धुक्याच्या रूपाने क्रँककेसमध्ये शिरते, क्रँकचे बेअरिंग, कनेक्टिंग रॉडच्या टोकांचे सुई-बेअरिंग आणि सिलिंडरची भिंत यांवर पातळ थर धरते, आणि मग पेट्रोलबरोबरच वर जाऊन जळते. पूर्ण वेगात चेनसॉचे इंजिन मिनिटाला 12,000 फेऱ्यांच्या घरात फिरते. म्हणजे सेकंदाला 200 फेऱ्या, आणि टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीस एक ठिणगी, म्हणजे सेकंदाला 200 स्फोट. ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन मिनिटाला सुमारे 2,000 फेऱ्यांवर काम करते, हे ध्यानात घेतले म्हणजे या मूठभर यंत्राकडून आपण काय अपेक्षितो त्याची कल्पना येईल. त्यातून ते थंड होते ते केवळ वाऱ्याने. फ्लायव्हीलच्या पात्यांनी फेकलेला वारा सिलिंडरच्या पंखांवरून जातो, आणि मे महिन्यातल्या दुपारी अंबडच्या शिवारात तो वाराच मुळी तापलेला असतो.

येथे तेलाच्या परीक्षेतील खरा पेच दिसू लागतो. वंगण म्हणून उत्तम असणारा पदार्थ उष्णतेस दाद देत नाही, चिवट असतो, सहजी जळत नाही. आणि या इंजिनास तर असे तेल हवे की जे आपले काम संपताच निमूट जळून जावे व मागे राख, काजळी वा चीक ठेवू नये. दोन्ही गुण एकाच द्रव्यात आणणे दुर्घट. आपल्याकडे कपाशीच्या कडेने लावतात त्या एरंडाचे तेल याचे नामी उदाहरण आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या विमानांत आणि शर्यतीच्या मोटारींत एरंडेलाचा मोठा मान होता, कारण तापलेल्या धातूवरही त्याचा थर तुटत नाही. कॅस्ट्रॉल हे सुप्रसिद्ध नावदेखील कॅस्टर, म्हणजे एरंडेल, या शब्दावरूनच पडले. तथापि तेच एरंडेल पिस्टनच्या रिंगांच्या खाचेत लाखेसारखा चीक धरते आणि पेट्रोलात नीट विरतही नाही. म्हणून वंगणाच्या बाबतीत निर्दोष असूनही रोजच्या राबत्या यंत्रातून ते बाद झाले.

आपल्या लोकांस टू-टी ऑइलची ओळख झाली ती चेनसॉमुळे नव्हे, दुचाकींमुळे. राजदूत, चेतक, लूना, एम-80 ही सारी टू-स्ट्रोकची प्रजा. पंपावर पेट्रोल घेताना मापाने तेल टाकून घेण्याचा शिरस्ता दोन पिढ्यांच्या अंगवळणी पडला, आणि ‘थोडं जास्तच टाक, इंजिन टिकतं’ ही समजूतही त्याच काळातली. त्या गाड्यांच्या निळसर धुराने शहरे कोंदू लागली तेव्हा केंद्र सरकारने 1 एप्रिल 1999 पासून देशभर कमी धुराचेच टू-टी तेल विकले जावे, असा निर्बंध घातला. गाड्या पुढे फोर-स्ट्रोक झाल्या, पंपावरचे तेलाचे माप गेले; समजूत मात्र राहिली, आणि ती आता कटरच्या टाकीत उतरली आहे.

दुकानातला व्यवहार पाहिला तर तो बहुधा असा चालतो:

“दादा, कटरचं टू-टी द्या.”

“लाल देऊ का हिरवं?”

“मागल्या खेपेला लाल नेलं होतं. तेच द्या.”

हा रंग कारखानदाराने केवळ ओळखीकरिता घातलेला असतो. पेट्रोलात तेल मिसळले आहे की नाही हे डोळ्यांस दिसावे एवढाच त्याचा हेतू. लाल तेल एका कंपनीचे उत्तम असेल आणि दुसरीचे सामान्य. बोटांवर चोळून जाडी पाहणे हीही तशीच निरर्थक परीक्षा आहे, कारण पेट्रोलात चटकन मिसळावे म्हणून पुष्कळ चांगल्या तेलांत मुद्दाम पातळ द्रावक घातलेले असते, आणि जुन्या धाटणीच्या जाड तेलांत जे जड अवशिष्ट तेल असे तेच धूर व काजळी यांचे मूळ होते. खरा दाखला असतो तो बाटलीच्या पाठीवर, बारीक अक्षरांत.

तेथे प्रायः तीन संस्थांची नावे आढळतात. अमेरिकेची एपीआय, तिचा टीसी हा दर्जा. जपानची जासो, तिचे 1994 पासून प्रचारात असलेले एफबी, एफसी आणि पुढे त्यांच्या वर आलेला एफडी हे दर्जे. आणि आंतरराष्ट्रीय आयएसओ, तिचे ईजीबी, ईजीसी, ईजीडी. जपान्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. एक ठरावीक संदर्भ-तेल घेऊन त्यास 100 गुण द्यायचे, आणि नव्या तेलाची इंजिनातील वागणूक त्याच्याशी ताडून पाहायची. आता त्यांच्या तक्त्यातील आकडे पाहा. वंगणक्षमतेसाठी एफबीला किमान 95 गुण लागतात, एफसीला 95 लागतात, आणि सर्वांत वरच्या एफडीलाही 95 च लागतात! फरक आहे तो अन्यत्र: पिस्टन स्वच्छ राखण्याच्या परीक्षेत एफबीला 85 पुरतात, एफसीला 95 हवेत आणि एफडीला 125, धुराच्या परीक्षेत एफबीला 45, तर एफसी व एफडी दोहोंना 85.

या एका तक्त्यात आमच्या मते सगळ्या वादाचा निकाल आहे. कोणते तेल जास्त बुळबुळीत, हा प्रश्नच चुकीचा. त्या बाबतीत या तिन्ही दर्जांची तेले एकाच उंबरठ्यावर उभी आहेत. दिवसभर राबणाऱ्या चेनसॉस महाग तेल घ्यायचे ते रिंगा मोकळ्या राहाव्यात म्हणून. अतितप्त पिस्टनवर तेलाचा जो भाग अर्धवट जळतो, तो रिंगेच्या खाचेत जमतो, रिंग खाचेत चिकटते, मग तप्त वायू तिच्या बाजूने खाली निसटतात, तेथला तेलाचा थर जाळतात, आणि पिस्टन सिलिंडरला धरतो. मिस्तरी म्हणतो, इंजिन जाम झाले, तेल कमी पडले असेल. वस्तुतः तेल पुरेसे असूनही ते मळ धरणारे असल्यामुळे हे घडलेले असू शकते. बांधावरची चार झुडपे वर्षातून एकदा तोडणाऱ्या शेतकऱ्यास एफसी तेल पुरेसे आहे. उन्हाळाभर बागा काढणाऱ्याने मात्र एफडी किंवा ईजीडी यांहून खालचे तेल घेऊ नये. अर्थात वंगण व स्वच्छता यांच्या या परीक्षा स्कूटरच्या लहानशा इंजिनावर बेतलेल्या आहेत आणि चेनसॉ त्याहून जास्त वेगाने फिरते, म्हणून यंत्राच्या कंपनीने स्वतःच्या यंत्रांवर पारखलेले तेल सहज मिळत असेल तर ते घेण्यात शहाणपण आहे. पण त्याही बाटलीवर हीच अक्षरे शोधावीत.

खर्चाचे भय येथे फारसे नाही. समजा, साधे तेल लिटरला 400 रुपये आणि चांगले 800 रुपये पडले. 50:1 या प्रमाणात एका लिटर पेट्रोलला 20 मिलिलिटर तेल लागते, म्हणजे फरक पडला लिटरमागे 8 रुपयांचा. उलट पक्षी ब्लॉक-पिस्टन बदलण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी यांचा जमाखर्च ज्याचा त्याने मांडावा.

दोन तेले मात्र कोणत्याही कारणाने घालू नयेत. पहिले, ट्रॅक्टरचे किंवा मोटारसायकलचे 20 डब्ल्यू 40 इंजिन ऑइल. ते जळण्यासाठी घडविलेलेच नसते; त्यातील जस्त व कॅल्शियमची संयुगे जळल्यावर राख होऊन स्पार्क प्लगच्या टोकांत आणि पिस्टनच्या माथ्यावर बसतात. दुसरे, ज्यावर टीसी-डब्ल्यू 3 असे लिहिलेले असते ते. नावातल्या ‘टीसी’मुळे पुष्कळांची फसगत होते; वस्तुतः ते होड्यांच्या, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांचे तेल आहे. ते राखविरहित असते खरे, पण वाऱ्यावर थंड होणाऱ्या इंजिनाच्या उष्णतेत पिस्टन स्वच्छ ठेवण्याची शक्ती त्यात नसते. कोकणातल्या मासेमाराने ते आपल्या होडीस जरूर वापरावे. जालन्यात त्याचे प्रयोजन नाही.

प्रमाणाविषयी हुकूम चालतो तो यंत्राच्या पुस्तिकेचा. बहुतेक नामांकित यंत्रांस चांगल्या तेलाशी 50:1 सांगितलेले असते. काही कंपन्या आपल्या तेलास 50:1 आणि इतर टीसी तेलास 25:1, म्हणजे लिटरला 40 मिलिलिटर, असे दोन आकडे देतात. स्वस्त आयात यंत्रांच्या पुस्तिकेतही बहुधा 25:1 च असते. पण पुस्तिकेत 50:1 असताना ‘उन्हाळा आहे, जरा जास्त टाकू’ म्हणून दुप्पट तेल ओतणाऱ्याचे नुकसान दुहेरी होते. एक तर जादा तेल काजळी होऊन सायलेन्सरच्या जाळीत व एक्झॉस्टच्या तोंडात साचते आणि यंत्राचा दम कोंडतो. दुसरे असे की, कार्ब्युरेटर केवळ द्रवाचे माप जाणतो, त्यात तेल किती आणि पेट्रोल किती हे जाणत नाही. तेल वाढले तेवढे पेट्रोल घटते आणि हवेच्या मानाने मिश्रण किंचित हलके होते. हा दुसरा परिणाम लहान आहे हे खरे, परंतु उन्हाळ्यात आधीच तापलेल्या यंत्रास तोही नको असतो.

मिश्रण हलके होण्याचे याहून मोठे कारण अलीकडे पंपावरूनच येते. राज्यातील उसाचे इथेनॉल आता पेट्रोलात मिसळले जाते. 2022 मध्ये देशात 10 टक्क्यांचे प्रमाण गाठले गेले आणि 2025 पावेतो 20 टक्क्यांचे पेट्रोल सर्वत्र रूढ झाले. चेनसॉच्या बहुतेक कंपन्यांची पुस्तिका मात्र 10 टक्क्यांपर्यंतच मुभा देते. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असतो, त्यामुळे जुन्याच ठेवणीवर चालणाऱ्या कार्ब्युरेटरमधून मिश्रण हलके जाते आणि पिस्टन अधिक तापतो. शिवाय ते हवेतले पाणी ओढते, आणि पाण्याचे प्रमाण वाढले की तळाशी वेगळा थर बसतो. त्या थरात तेल नसते, आणि टाकीतल्या नळीचे तोंड असते नेमके तळाशी! यास्तव उत्तम तेलाच्या जोडीला कार्ब्युरेटरची ठेवण जाणत्या मिस्तरीकडून एकदा तपासून घेणे अगत्याचे आहे. मिश्रण तर एका आठवड्यात संपेल तेवढेच करावे, आणि पावसाळ्यात यंत्र ठेवून देण्यापूर्वी टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे.

मिसळण्याची रीत साधी आहे, पण गफलत तेथेच होते. पुष्कळ ठिकाणी पाण्याच्या लिटरच्या बाटलीत पेट्रोल आणून फवारणीच्या औषधाच्या झाकणाने अंदाजे तेल ओतण्याची चाल आहे. झाकण कोणते, 10 चे की 25 चे, याची कोणी चौकशी करीत नाही, आणि झाकणात औषधाचा अंश राहिलेला असतो तो निराळाच. त्यापेक्षा जनावरांच्या औषधाची 20 मिलिलिटरची नवी सिरिंज, सुईविना, या एका कामासाठी राखून ठेवावी. तिच्यावरची रेघ खोटे बोलत नाही. पेट्रोलसाठीच बनविलेल्या डब्यात निम्मे पेट्रोल घ्यावे, सिरिंजने तेल सोडावे, हलवावे, मग उरलेले पेट्रोल घालून पुन्हा हलवावे. आणि दुपारी टाकी भरण्यापूर्वी डबा पुन्हा एकदा हलवावा. डबा सावलीत असावा, आणि भरताना यंत्र निवालेले असावे, हे निराळे सांगावयास नको.

तेल मानवले की नाही, हे यंत्र स्वतःच सांगते. सायलेन्सरचे स्क्रू काढून तो बाजूला करावा, दोरी हळूहळू ओढून पिस्टन हलवावा, आणि एक्झॉस्टच्या चौकोनी खिडकीतून मोबाइलची बत्ती दाखवावी. पिस्टनची बाजू गुळगुळीत, त्यावर फिकट तपकिरी झाक आणि रिंग काडीने दाबली असता किंचित हलणारी, असे असेल तर निश्चिंत असावे. रिंगेखाली काळा, कडक थर दिसला तर तेलाचा दर्जा किंवा प्रमाण चुकले आहे. एक्झॉस्टकडच्या बाजूस उभे, चमकदार ओरखडे असतील तर मिश्रण हलके गेले. चहूबाजूंनी असतील तर पेट्रोलमध्ये तेल घालायचेच राहिले असण्याचा संभव अधिक. कार्ब्युरेटरकडच्या बाजूचे मंद, वाळूने घासल्यासारखे ओरखडे मात्र तेलाचा गुन्हा नव्हे. ती फिल्टरमधून शिरलेली धूळ, आणि काळ्या मातीच्या मुलखात तेलावर नाहक आळ येतो तो बहुधा तिच्यामुळे.

शेवटची गोष्ट दुसऱ्या टाकीची. पट्टी व साखळी यांना लागणारे तेल निराळे असते, ते चिकट असावे लागते, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या साखळीवरून उडून जात नाही. तेथे महाग टू-टी ओतणे ही उधळपट्टी आणि ट्रॅक्टरमधून काढलेले जळके ऑइल ओतणे हा अविचार होय, कारण त्यातील धातूचे कण पट्टी घासतात आणि ते काळे, आरोग्यास अपायकारक तेल भुश्श्याबरोबर शेतात व चालविणाऱ्याच्या अंगावर उडते. दोन्ही टाक्यांची मापे अशी ठरविलेली असतात की पेट्रोल संपते तेव्हा साखळीचे तेलही संपत आलेले असावे, पण पुरते संपलेले नसावे. म्हणून दोन्ही टाक्या एकाच वेळी भराव्यात, आणि पेट्रोल संपूनही तेलाची टाकी भरलेलीच दिसली, तर भुश्श्याने बुजलेले पट्टीचे छिद्र तारेने मोकळे केल्याखेरीज यंत्र पुन्हा सुरू करू नये.